आमचे पहिले पाहुणे

"गावाच्या मालकीचं हॉटेल झालं की गेलेली पोरं परत येतील," असं घसा कोरडा होईपर्यंत सांगत मी घरोघर शेअर विकले. पहिला शेअर बायकोने घेतला, हातातल्या पाटल्या मोडून.

उद्घाटनाला आमचा मुलगा पुण्याहून सहकुटुंब आला. बायकोने पहाटेच आंबोळ्या केल्या होत्या, घरच्या गाद्यांना ऊन दाखवलं होतं.

"मॅनेजरची खुर्ची तुझ्यासाठीच ठेवलीय रे," मी म्हटलं.

"बाबा, मी दोन दिवसांसाठी आलोय. इथेच खोली बुक केलीय. एसीशिवाय छोटीला झोप येत नाही."

मी पाच नंबरच्या खोलीची किल्ली काढून रजिस्टर पुढे सरकवलं. 'कायमचा पत्ता' या रकान्यात त्याने पुण्यातला फ्लॅट लिहिला.

बायकोने आंबोळ्यांचा डबा हॉटेलच्या आचाऱ्याकडे दिला.

"पाच नंबरच्या पाहुण्यांना गरम करून द्या," म्हणाली.