बुधवारची गर्दी

“डॉक्टर, पप्पा अजून किती वर्षं जगतील?”

विचारलं एकदाचं! निकिता आणि पंकजा या मैत्रिणींनी चॅलेंजच दिलं होतं, ‘वर्गात एवढी तडतड बोलतेस, डॉक्टरांपुढे विचारून दाखव.’ मम्मीनं टेबलाखालून प्रार्थनाला करकचून चिमटा काढला. पप्पा, म्हणजे हायस्कूलचे जोशुआसर, पंख्याकडे बघत बसले.

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. “वर्षं मोजून सांगता येत नाहीत. हा रक्ताचा कॅन्सर हळू चालतो, काही जण खूप वर्षं काढतात. पण लस दिल्यावर शरीर लढायची तयारी करतं का, यावरून पुढचा थोडा अंदाज येतो. पप्पांना लस देऊन तपासलं, त्यांच्या शरीरानं जवळजवळ काहीच तयारी केलेली नाही. साधा खोकलाही त्यांना जड जाईल. म्हणून तर जूनमध्येच सांगितलं होतं, घरात गर्दी नको.”

जूनमध्ये! आता डिसेंबर होता.

केडगाव येईपर्यंत प्रार्थना रिक्षात बोटांवर महिने मोजत होती. आणि घरासमोर बघते तर काय, माणसंच माणसं! बुधवार होता. दर बुधवारची प्रार्थनासभा त्यांच्याच घरी, कारण हॉल मोठा. वीस माणसं आत बसली. थंडी म्हणून खिडक्या बंद. फिलिपकाका मुठीत खोकले आणि तोच हात त्यांनी पुढे केला. “जय ख्रिस्त, सर! गारठा लई हाय आज.”

पप्पांनी तो हात हातात घेतला. वर हसलेसुद्धा.

शेवटची चप्पल दारातून हलली आणि प्रार्थना फुटलीच. “या लोकांना सांगितलंच नाही तुम्ही? सहा महिने?”

“हळू बोल,” मम्मी म्हणाली. “रक्ताचा आजार म्हटलं की लोक म्हणणार, घराण्यातच आहे. उद्या तुझ्यासाठी स्थळ कोण आणेल?”

“दहावीत आहे गं मी!”

“म्हणूनच,” पप्पा शांतपणे म्हणाले. “सात-आठ वर्षांचाच तर प्रश्न आहे. तेवढी मी काढतो.”

डॉक्टरांनी जो आकडा दिला नव्हता, तो पप्पांनी केव्हाच ठरवून टाकला होता.

प्रार्थनानं हॉलच्या चारही खिडक्या धाडधाड उघडल्या.

“या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्यायला, आपल्या घरचं सांगायला मी उभी राहणार. पप्पांचा आजार नावानिशी सांगणार. बुधवारची सभा या घरात बंद, तेही सांगणार. आणि पप्पा, मी पंचवीस वर्षं लग्नच करणार नाही. काढा तेवढी!”