मोठ्या बाई कोण होणार?

सकाळी दहा वाजता बालवर्गात ‘शाळा-शाळा’ सुरू झाली. नव्या बाई कोपऱ्यातल्या चटईवर शांतपणे ठोकळे रचत बसल्या. खेळ मुलांच्या हाती होता. पूर्वी हा वर्ग सांभाळणाऱ्या मोठ्या बाई दाराच्या फटीतून पाहत होत्या. पोरं हिच्यापाशी इतकी रमतात, हे त्यांना पाहवत नव्हतं आणि रोज पाहिल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“मी नव्या बाई.”

“काल तूच झालीस. आज मी.”

मोठ्या बाई कुणालाच व्हायचं नव्हतं. शेवटी एक चिमुरडी उठली. “बरं, मी होते मोठ्या बाई.”

दाराआड मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला.

 

चिमुरडी थेट दाराबाहेर आली. “बाई, जरा सरका ना. मला फटीतून बघायचंय.”