अर्धी आरती

"हिच्या आईला गरोदरपणात बीपी होतं का?" फॉर्मवरून मान वर न करता सिस्टरनं विचारलं. सातव्या महिन्यातली लेक अप्पांकडे पाहू लागली. तिला आई फोटोपुरतीच ठाऊक.

"तेव्हा आमच्या गावात बीपी नव्हतं," अप्पा म्हणाले.

"बरं. झटके आले होते?"

"छे हो! देवी आली होती अंगात."

सिस्टरचं पेन थांबलं. "म्हणजे काय झालं, काका?"

सव्वीस वर्षं अभिमानानं सांगितलेली गोष्ट अप्पांनी पुन्हा सांगितली. आधी डोकं ठणकलं, मग डोळे फिरले, दातखीळ बसली, अंग ताडताड उडालं. दवाखान्याची जीप दारात उभी होती, पण आरती अर्धी टाकून कसं निघणार? अख्खी गल्ली पाया पडून गेली. जीपवाल्यालाही प्रसाद दिला.

सिस्टरनं 'होय'वर खूण केली. लेकीच्या दंडावरचा पट्टा सोडला. "एकशे साठ. हिला आत्ताच ॲडमिट करायचं."

"रविवारी डोहाळजेवण आहे हिचं," अप्पा म्हणाले.

"आईचे पाय सुजले होते?"

लेकीची पावलं सँडलच्या पट्ट्यांत रुतली होती. अप्पा तिकडेच बघत राहिले.

"होय. पाया पडलो तेव्हा बघितले होते."