वळणापलीकडची खरखर

"आतून चमकत नाहीत," डेलमर म्हणाला आणि त्याने टॉर्च विझवला. "रस, ट्रकमधला खोका आण. ही दोन्ही हेडं नव्याने करायला दुसऱ्या कारखान्यात जातील."

लोरीन हात पुसत उभी राहिली. समोर बाकावर तिचे अकरा आठवडे पडले होते. भंगारातून उचललेली, जुन्या व्ही-एट इंजिनाची दोन बिडाची सिलिंडर हेडं, म्हणजे इंजिनावरची जड झाकणं; त्यांतल्या वाटांनी हवा-पेट्रोल आत येतं आणि धूर बाहेर जातो. त्यांच्या चिरा तिने लोखंडी पिना ठोकून सांधल्या होत्या. व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या बैठका नव्याने कापल्या होत्या. मग गळती तपासायला हेडं उलटी ठेवून त्यांत रॉकेल ओतलं होतं. चोवीस तासांत थेंब गळला नव्हता.

ते कुणी विचारलंच नाही. सन व्हॅलीतल्या त्या शेडमध्ये रेसिंग क्लबचे सहा म्हातारे डोनट खात उभे होते आणि सगळे डेलमरच्या तोंडाकडे बघत होते. सत्तावन्न साली युटाच्या मिठाच्या मैदानावर विक्रम केलेली हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेली शर्यतीची गाडी, डेलमरनेच चालवली होती. येत्या ऑगस्टमध्ये तशीच गाडी, तशाच इंजिनावर, पुन्हा मिठावर उतरवायची होती. अडतीस वर्षांनी. डेलमर हो म्हणाला, तर त्या इंजिनावर लोरीनची हेडं बसणार. नाही म्हणाला, तर तिने आयुष्यभर केली तशी दूधवाल्यांच्या गाड्यांची आणि ट्रॅक्टरची कामं करत राहायचं.

"धूर बाहेर जातो ती वाट चमकते आहे," ती म्हणाली. "काजळी चिकटू नये म्हणून. पेट्रोल आत येतं ती मी मुद्दाम खरखरीत ठेवली."

"मुद्दाम म्हणे!" त्या म्हाताऱ्यांतला रस हसला; तो अजून ट्रककडे गेलाच नव्हता. "पॉलिश संपलं होतं का गं?"

"तेलकट ताटलीवर पाणी कसं थेंब धरून बसतं, बघितलंय कधी? का भांडी अजून बायकोच घासते? पेट्रोलचंही तेच होतं. गुळगुळीत भिंतीला थेंब चिकटतात. खरखरीत असली की फुटतात, हवेत मिसळतात."

"मला शिकवू नकोस, पोरी." डेलमरचा आवाज चढला. "तुझ्या बापाच्या हेडांवर मी गाडी पळवलीय. आत येणारी वाट आरशासारखी होती. तिच्यात बघून मी भांग पाडलाय!"

"तेव्हा पाडायला केस होते म्हणायचे," लोरीन म्हणाली. दोघंतिघं खोकल्यासारखं हसले.

डेलमर हसला नाही. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लोरीनच्या बापाचं, हॅस्केलचं हेड टांगलं होतं, सत्तावन्न सालच्या इंजिनाचं. आत मीठ आणि कोळी जाऊ नयेत म्हणून हॅस्केलने त्याच्या वाटांच्या तोंडांत लाकडी बुचं ठोकली होती. शर्यतीला निघताना प्रत्येक जण त्या हेडावर बोटाच्या पेराने टकटक करून जायचा. बुचाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"काय माणूस होता!" रस डोनटचं भोक डोळ्याला लावत म्हणाला. "ह्यातून करंगळी जायची नाही त्याची. इतकी जाड बोटं, आणि काम इतकं नाजूक. हॅस्केल गेला, ती विद्या गेली."

हे वाक्य लोरीनने बापाच्या दफनाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यानंतर दर ख्रिसमसला. आज तिने फडकं खाली टाकलं, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि भिंतीवरचं हेड उतरवलं.

"अगं ए! खाली ठेव ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने ते डेलमरसमोर बाकावर ठेवलं. हातोडीच्या दांड्याने आत येणाऱ्या वाटेचं बूच ठोकून सैल केलं आणि उपटलं. शेडमध्ये कुणी चघळत नव्हतं.

तोंडाशी बीड लखलखत होतं. अडतीस वर्षांनीही.

"बघ!" डेलमर ओरडला. "आरसा!"

"बोट घाला."

"कशाला?"

"विक्रम करताना घाबरला नाहीत. आता घाला."

म्हातारपणाने वाळलेलं बोट त्याने आत सरकवलं. पहिलं पेर गेलं. दुसरं गेलं. मग त्याचा चेहरा बदलला.

"खरखर लागतेय," तो हळूच म्हणाला.

"दोन इंच आरसा. टॉर्च पोचतो तेवढाच. तुम्ही सगळे हटून बसला होता ना, चमकलं पाहिजे म्हणून. बाबा तुमच्याशी वाद घालायला घाबरायचे. मी घाबरत नाही. म्हणून मी ते दोन इंचसुद्धा केले नाहीत."

रस एव्हाना ट्रकमधला रिकामा खोका काखेत मारून दारात येऊन थांबला होता. आत यावं की परत जावं, त्याला कळेना.

"हॅस्केलने मला फसवलं?" डेलमरने विचारलं.

"गाडी पळाली ना?"

डेलमरने मान हलवली. पण बोट त्याने बाहेर काढलं नाही. मनगट वाकडं करून, दात आवळून त्याने ते आणखी आत घातलं, वाट खाली वळते तिथपर्यंत. त्या वळणापलीकडेही तीच खरखर होती, मांजराच्या जिभेसारखी, बारीक, एकसारखी. त्याने डोळे मिटून ती पुन्हा चाचपली. मग त्याची नजर रसच्या हातातल्या अर्ध्या डोनटवर गेली आणि तिथेच थांबली.

"लोरीन," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली. "इथपर्यंत हॅस्केलचं बोट कसं पोचलं?"

"त्यांचं नव्हतंच पोचत," लोरीन म्हणाली. "मी तेव्हा नऊ वर्षांची होते. माझं पोचायचं."