पाणी चालत नाही

माणसाच्या आयुष्यात काही निर्णय असे असतात की त्यांची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. भोईवाड्यातल्या नव्या टॉवरमध्ये रुपेशच्या घरी असाच एक निर्णय अडून बसला होता. हॉलमध्ये बिल्डरने दिलेली लादी ठेवायची, की तिच्यावर लॅमिनेट बसवायचं?

"लॅमिनेटवर पाय घसरत नाही, अप्पा. थंडीत गारही लागत नाही. तुमच्या गुडघ्यांसाठीच घेतोय," रुपेश वडिलांना म्हणाला.

"आणि पाणी?"

"पाणी नाही चालत, फुगतं. पिळलेल्या फडक्याने पुसायचं फक्त."

"बादलीभर सांडलं तर?"

"हॉलमध्ये बादली कशाला आणाल तुम्ही?" सून भाविका हसली. "रंगपंचमी खेळायचीय का?"

"मी नाय गो आणणार. तुम्हीच आणशात." अप्पांनी पायाखालच्या लादीवरून एकदा तळवा फिरवला. "चाळीत आपल्या घरात कसलंही पाणी चालायचं."

म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं! लॅमिनेट बसलं. सागवानी रंगाचं. अप्पा त्यावरून एकदाही घसरले नाहीत.

पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. त्यांना हॉलमध्ये खाली निजवलं. रुपेशच्या आत्याने चुलीवरचं नव्हे, गिझरचं गरम पाणी काढलं, बादली उंबऱ्याशी आणून ठेवली आणि विचारलं, "रुपेश, आंघोळ कुठे घालूया रे?"

बाथरूममध्ये माणूस आडवा मावत नव्हता. रुपेशने पायाखालच्या लॅमिनेटकडे पाहिलं.

अप्पांची शेवटची आंघोळ खाली पार्किंगमध्ये झाली, शेजाऱ्यांची गाडी जरा पुढे घ्यायला लावून.

लॅमिनेट अजून नव्यासारखं आहे.