मळीचा डोंगर

"आमची लेक उकिरडा उकरून सोनं काढणार म्हणे," हातपाय धुता धुता बाबा म्हणाले. आई तोंडाला पदर लावून हसली.

"सोनं नाही, तांबं," लेक म्हणाली. "उद्या मळी गिरणीत पडणार. बघायला या."

"खाणीतून सवड मिळाली तर."

बाबा तांब्याच्या खाणीत मुकादम होते. कारखान्यामागे भट्टीतून निघालेल्या काळ्या मळीचा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या वाढत होता. ती मळी बारीक दळून पाण्याच्या टाक्यांत घुसळली तर उरलंसुरलं तांबं फेसाबरोबर वर येतं, हे लेकीने प्रयोगशाळेत दाखवलं होतं. मोठ्या साहेबांनी दोनदा तिला वाटेला लावलं. मग अचानक, काही न विचारता, होकार दिला.

बाबांचे टोमणे मात्र थांबले नाहीत. "तांबं असं आयतं मिळत नसतं. जीव मुठीत धरून जमिनीच्या पोटात उतरावं लागतं." ती चिडायची, आणि चिडली की दुप्पट जोमाने कामाला लागायची.

सकाळी मळी गिरणीत पडली आणि छप्पर थरथरलं. टाक्यांवरच्या कारागिराला सगळे बुडबुडे म्हणत. तो वाकून बघत होता.

"ताई, फेस पाण्यासारखा आहे हो."

"दळण अजून बारीक करा."

"गिरणी कुरकुरतेय."

"कुरकुरू दे!"

दळण बारीक झालं. मग फेस दाटला, गडद झाला, काठावरून चमचमत ओघळू लागला.

"आलं! ताई, तांबं आलं!"

टाळ्यांनी शेड दणाणली. तिने वळून पाहिलं. दारात बाबा उभे होते, अंगावर खाणीची धूळ, चेहरा कोरा.

साहेब जिन्यावर चढले. "हा डोंगर आपल्या नातवंडांनाही पुरेल. खाणीतली सगळी माणसं उद्यापासून ढिगावर कामाला येतील. खाण बंद."

गर्दीतून वाट काढत ती साहेबांपुढे उभी राहिली. "हे मला कोणी सांगितलं नाही. बाबांची खाण बंद पाडायला का मी हे केलं?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं.

"पोरी, तुला परवानगी मिळावी म्हणून तुझे बाबाच खाणीतली सगळी माणसं घेऊन माझ्या दारात बसले होते. जमलं तर खाण बंद करायची, कोणाला पुन्हा जमिनीच्या पोटात उतरवायचं नाही, ही अट त्यांचीच."