डॉक्टरांची रामरक्षा

पडद्यावरची मेणबत्ती विझली आणि सभागृहातले दिवे लागले. त्रेसष्ट साल. मैलापूरच्या फिल्म सोसायटीत त्या संध्याकाळी एक जुना परदेशी चित्रपट दाखवला होता. देवावरचा विश्वास उडालेला एक पाद्री प्लेगच्या गावात मरणाऱ्यांना स्वर्गाची ग्वाही देत फिरतो, एवढीच त्याची गोष्ट.

त्यावर बोलायला डॉक्टर तुळजाजी उभे राहिले. पक्के नास्तिक म्हणून मद्रासेत त्यांचं नाव होतं. इंग्रजीत ते ठासून म्हणाले, "विझलेली मेणबत्ती म्हणजे त्या पाद्र्याची मेलेली श्रद्धा. आपला ज्यावर विश्वास नाही, ते मरणाऱ्याच्या कानात सांगायचं. याच्याइतका दंभ दुसरा नाही."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक बाई उठली आणि डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं. ती चारुलता होती. तिचे वडील भीमसेनराव महिन्यापूर्वी त्यांच्याच वॉर्डात वारले होते.

ती तंजावरच्या मराठीत बोलली. तिथे ती भाषा त्या दोघांखेरीज कुणालाच कळत नव्हती.

"अप्पांचं सरत आलं, तेव्हा तुम्ही उशाशी बसून रामरक्षा म्हणत होता. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. तोही दंभच का, डॉक्टर?"

"काय विचारतात त्या?" शेजारी बसलेले अध्यक्ष चंद्रमौळी तमिळमध्ये म्हणाले.

डॉक्टरांनी मेजाची कड घट्ट धरली. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. चारुलता खाली बसली होती. ती खोडून काढणार नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग त्यांनी तिचा प्रश्न शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

"आणि माझं उत्तर, होय," ते म्हणाले. "तोही दंभच. त्या माणसाला मी शेवटच्या घटकेला फसवलं."

मागे कुणीतरी खाकरलं. चंद्रमौळी घड्याळाकडे बघू लागले.

चारुलता पुन्हा उठली. या वेळी ती तमिळमध्ये बोलली, सगळ्यांना कळेल असं.

"अप्पा फसले नव्हते. मी त्यांना हळूच विचारलं, थांबवू का डॉक्टरांना? तर म्हणाले, नको. हात थरथरतोय त्यांचा. म्हणू दे."